दोन बोटांत चुरडेल असा घास

युसूफ वडगाव,
२ जानेवारी २०२५

आई,

अक्षर ओळखलंस की नाही, माहीत नाही. नवव्या वर्षानंतर माझं अक्षर तू पाहिलेलंच नाहीस. मी राजनंदिनी. तुझी नंदी.

फोन करता आला असता. पण छबूमावशी म्हणाली, धर्मापुरीच्या घरात फोन काकांच्या खिशात असतो, आणि तुझ्याशी कुणी बोलायला लागलं की सगळं घर ऐकत बसतं. शिवाय फोनवर तू गप्प राहिली असतीस आणि ते मला ऐकू आलं असतं. पत्रात ती भीती नाही.

तुला नात झाली आहे. संस्कृती नाव ठेवलं, घरात सानू म्हणतो. दहा एप्रिलचा जन्म, म्हणजे आता नऊ महिने होतील. कपाळ मोठं आहे, केस अगदी विरळ. खालचे दोन दात आलेत. सोमनाथ, म्हणजे तुझे जावई, लाईनमन आहेत. दिवसभर खांबांवर चढतात आणि घरी आल्यावर तिला खांद्यावर चढवतात. सासूबाई केशरबाई. स्वभावाने चांगल्या आहेत, फक्त मोठ्यानं बोलतात. सगळं बरं आहे.

ऑक्टोबरमध्ये सानूचं उष्टावण केलं. गुरुजींनी विचारलं, "मामा कुठंय?" मग गेवराईहून मावशीचा पोरगा आला होता, त्याच्या मांडीवर तिला दिलं. तिनं खीर चाटली आणि त्याचा शर्ट धरून ठेवला, सोडेचना.

पत्र लिहायचं कारण लहान आहे. अंगणवाडीच्या जिनतताईंनी परवा तिचं वजन केलं. सहा किलो चारशे. दोन महिन्यांत शंभर ग्रॅमच वाढली. त्यांनी तक्त्यावरची रेघ माझ्यापुढं धरली. ती हिरव्यातून पिवळ्यात उतरली आहे. त्या विचारत होत्या, घरातलं जेवण द्यायला लागलीस का? मी म्हटलं, देते. पातळ देते.

मला एवढंच विचारायचं आहे. तू मला भाकरी कधी दिलीस? कितव्या महिन्यात? आणि कशी? बाकी काही नाही.

तुझी,
नंदी


११ जानेवारी

आई,

उत्तर आलं नाही. पोस्टमन दोनदा दारावरून गेला. तू पत्र वाचलं नाहीस असं मी समजणार नाही. वाचून ठेवलं असशील.

मागच्या पत्रात 'देते' असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. सानू खात नाही असं नाही. मीच देत नाही. वरणाचं पाणी, भाताची पेज, गाळून गाळून, अगदी कपड्यातून गाळून. सासूबाई म्हणतात, "अगं, पान्यावर लेकरू वाढतंय व्हय? कावून भेतीस एवढी?" त्यांना काय सांगू? लग्न ठरलं तेव्हा मावशीनं त्यांना एवढंच सांगितलं होतं की भाऊ लहानपणी तापानं गेला.

काल जिनतताई घरी आल्या. वजनकाटा नाही, तक्ता नाही, नुसत्या आल्या. स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "आज घरात काय शिजलंय?" उकडलेला बटाटा होता. त्यांनी त्याची बोटाएवढी फोड केली आणि माझ्या हातात ठेवली. "दोन बोटांत धर. दाब. चुरडलं? मग तिच्या हिरड्यांत बी चुरडंल. जे असं चुरडत न्हाई, ते द्यायचं न्हाई. एवढं सोपं हाय."

मग सगळं सांगितलं. लेकराला सरळ बसवायचं, निजवून नाही. खाताना हसवायचं नाही, रांगू द्यायचं नाही. आपण समोर बसायचं, नजर हलवायची नाही. केळ, पपई, रताळं, मऊ खिचडी, वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी. उकडलेलं अंडं चालतं. मध वर्षाच्या आत बिलकुल नाही. फुटाणे, सुपारीची खांडं, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं नाहीत. आणि अख्खा दाणा तर नाहीच, कूट करून पेजेत मिसळलं तर ठीक.

त्या 'दाणा' म्हणाल्या तेव्हा मी उठून चहा ठेवला.

बटाट्याची फोड माझ्या हातातच राहिली. सानू समोर बसून तोंड उघडत होती. चिमणीच्या पिल्लासारखं, आई, अगदी तसंच. मला हात पुढं नेता आला नाही. शेवटी जिनतताईंनी दिली. मी दाराकडं तोंड करून उभी राहिले.

दुपारी सानू झोपते तेव्हा माझाही डोळा लागतो. आमच्या घरामागं कापसाचं रान आहे, आता शेवटची वेचणी राहिली आहे. डोळा लागला की तिथं बजू बसलेला असतो. तो वाढत नाही गं. मी सत्तावीस वर्षांची झाले आणि तो अजून अकरा महिन्यांचाच आहे. पांढऱ्या बोंडांमध्ये मांडी घालून बसतो, ऊन त्याच्या कानांतून आरपार गुलाबी दिसतं. माझ्याकडं बघून हसतो. घाबरवत नाही. काही मागतही नाही. मी मात्र लांबच उभी असते, हात पाठीमागं लपवून.

तुलाही दिसतो का?

नंदी


२१ जानेवारी

आई,

आज लांबलचक लिहिणार आहे. आवडलं नाही तर चुलीत घाल, पण वाचून घाल.

शुक्रवारी मी विहिरीवर कपडे धूत होते. सासूबाईंनी सानूला केळ दिलं. चांगलं मऊ केळ, बोटभर तुकडा, तिच्याच हातात. मी बादली घेऊन आत आले तर सानू लाल झालेली, खोकतेय, ओकारी काढतेय, डोळ्यांत पाणी. मी काय केलं माहीत आहे? बादली टाकली, तिला ओढून घेतलं आणि तोंडात बोट घातलं. आत, पार आत. केळ तर तिनं आधीच बाहेर काढलं होतं. माझ्या नखानं टाळू फाटली. तिच्या ओठावर रक्त आलं तेव्हा मी थांबले.

मी सासूबाईंवर ओरडले. आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते तशी. "मारायचंय का माझ्या लेकराला?" असं म्हणाले. त्या खाली बसल्या. एरवी गावाला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, ती अगदी हळू बोलली. "नंदा, माज्या हातानं चार लेकरं वाढलीत गं," एवढंच म्हणाल्या.

सोमनाथ आले. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. जिनतताईंना बोलावून आणलं.

जिनतताईंनी सानूचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "खोकत होती ना? आवाज येत होता ना? मग घास अडकला नव्हता. लेकरू खायला शिकताना असंच उलटतं, खोकतं, लाल होतं. त्याचं ते स्वतःच बाहेर काढतं. आपण गप बसून बघायचं. भ्यायचं कधी? आवाज बंद झाला की. रडता येत न्हाई, खोकता येत न्हाई, ओठ निळे पडतात, तेव्हा."

मी तिथंच, सगळ्यांसमोर, म्हटलं, "माझ्या भावाचा आवाज बंद झाला होता."

मग सांगितलं सगळं. सासूबाईंना, सोमनाथना. आता तुलाही सांगते, कारण तुला मी कधीच सांगितलं नाही. तू विचारलंच नाहीस.

दिवाळीच्या आधीचे दिवस. अंगणात ऊन होतं, पातळ, पिवळं. तू चुलीपुढं बसली होतीस, चिवड्याचे पोहे भाजत, आमच्याकडं पाठ करून. पाठीवर घामाचा ओला डाग होता आणि भाजताना तो हलत होता. सुपात भाजलेले दाणे पसरून ठेवले होते. त्यांचा वास अजून येतो मला, कुठंही येतो, बसमध्येसुद्धा. बजू माझ्या मांडीवर होता. रडत होता. मी एक दाणा सोलला. त्याची साल फुंकली. आणि त्याच्या तोंडात ठेवला. तो हसला. मी गुदगुल्या केल्या, तो आणखी हसला. मग हसता हसता गप्प झाला. मला वाटलं, खेळतोय. मी पण गप्प बसून त्याच्याकडं बघत राहिले, कोण आधी हसतं ते. आई, मी खेळत होते. किती वेळ ते मला माहीत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. पाणी पाजायला बघितलं, बोट घातलं, आजीनं टाळूवर तेल थापलं, आबांनी मोटरसायकल काढली, परळीच्या रस्त्याला लागले. बजूचं एक टोपडं अंगणात पडलं होतं. मी ते घेऊन बसले होते.

एकविसाव्या दिवशी तू मला छबूमावशीकडं गेवराईला पाठवलंस. मला वाटलं सुट्टी आहे तोवर.

जिनतताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग टॉवेलची गुंडाळी केली, लेकराएवढी, आणि माझ्या हातावर पालथी ठेवली. "असं धरायचं. तोंड खाली, डोकं धडापेक्षा खाली, हनुवटीला बोटांचा आधार. पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, तळहाताच्या टाचेनं, पाच फटके. न्हाई निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. परत पालथं. तोंडात काही दिसलं तरच काढायचं, न दिसता बोट घालायचं न्हाई, आणखी आत जातं." मी शंभर वेळा केलं असेल. सासूबाईंनीही केलं. सोमनाथनीही. त्या टॉवेलला सगळ्यांनी इतकं मारलं की शेवटी सासूबाईंना हसू आलं आणि मग आम्ही दोघी रडलो.

मला कुणी त्या दिवशी हे शिकवलेलं असतं तर. तुलाही.

नंदी


५ फेब्रुवारी

आई,

सानू खायला लागली. मी माझ्या हातानं देते.

पहिल्या दिवशी वरणात कुस्करलेली भाकरी, वाटाण्याएवढा घास. माझा नेम चुकला आणि घास तिच्या नाकाला लागला. तिनं जिभेनं तो शोधला. तोंडात फिरवला, खूप वेळ, डोळे कुठंतरी लांब लावून, जणू आत काही ऐकतेय. मग गिळला. मी तिच्या गळ्याकडं बघत होते. तो इवलासा गळा वर-खाली झाला आणि मला वाटलं, घरातलं सगळं थांबलं होतं ते परत सुरू झालं. नंतर रताळं आलं, पपई आली, मऊ खिचडी आली. आता ती स्वतः उचलते. अर्ध्याहून जास्त केसांना लावते. खाताना गाते, शब्द नाहीत, एकच सूर, लांब. सकाळच्या उन्हात ताटापुढं बसून ती गात असते आणि मी समोर बसून नुसती ऐकते. कामं पडून राहतात. वजन सहा किलो आठशे.

पण हे लिहायला बसले नव्हते. काल रथसप्तमीला तिचं बोरन्हाण केलं, त्याचं लिहायचं आहे.

मला करायचंच नव्हतं. लेकराच्या डोक्यावरून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, दाणे ओतायचे आणि पोरांनी ते लुटायचे, माझ्यासारखीला कसं सोसावं? सासूबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, "फुलं ओतू. शेवंती अन् झेंडू. बोरं पोरास्नी हातात वाटू, जाताना." हलव्याचे दागिने न घालता काळं झबलं तेवढं घातलं. फुलं ओतली तेव्हा सानूनं मान वर करून बघितलं, पिवळ्या पाकळ्या तिच्या पापण्यांवर अडकल्या होत्या. सगळ्या बायका "अगं बाई" म्हणाल्या. मी खूश होते, आई. मी बेसावध होते.

पोरांना बोरं वाटून झाली, बायका हळदीकुंकवाला आत गेल्या. सानू पाटावर होती, मी तिच्यापासून चार हातांवर, कुणाला तरी वाण देत होते. शेजारची वैष्णवी, आठ वर्षांची, सानूपाशी बसली होती. आणि सानूचं गाणं बंद झालं.

मला दुसरं काही ऐकू आलं नाही. फक्त ते बंद झालेलं ऐकू आलं.

वळले. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. ओठांभोवती निळं. वैष्णवी हसत होती, तिला वाटत होतं, सानू गंमत करतेय.

मी खाली बसले. तिला हातावर पालथी घेतली, मांडीचा आधार दिला. एक, दोन, तीन, चार, पाच. काही नाही. उताणी केली. दोन बोटं. पाच. काही नाही. सासूबाई गाडी आणा म्हणून ओरडत धावल्या, बाकी बायका रडायला लागल्या, आणि मला ते सगळं लांबून, पाण्याखालून यावं तसं येत होतं. परत पालथी. एक, दोन, तीन. एक लहानसं गावरान बोर फरशीवर पडलं आणि टपटपत उंबऱ्याकडं गेलं.

ती रडली. असं रडणं मी कधी ऐकलं नाही. असं छान.

केजला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, आणि घरी सोडलं. ठीक आहे ती.

पण त्याआधीचं सांगायचं आहे. सानूला सोमनाथच्या गाडीवर घेऊन बसण्याआधी मी मागं बघितलं. वैष्णवी भिंतीला चिकटून उभी होती. तिची आई तिला दंडाला धरून हलवत होती, "काय केलंस गं? काय केलंस? जीव घेतला असतास!" आणि पोरीचं तोंड. आई, ते तोंड मला ठाऊक होतं. मी ते आतून ओळखते.

मी परत आले. सोमनाथ म्हणाले, "नंदा, चल." मी म्हटलं, एक मिनिट. सानूला कडेवर घेऊनच तिच्यापुढं बसले. म्हटलं, "वैष्णवे, इकडं बघ. तुझी चूक नाही. बोरं तुझ्या हातात आम्ही दिली. लक्ष आम्ही ठेवायचं होतं. तू लहान आहेस. ऐकलंस? तुझी काही चूक नाही." तिनं मान हलवली आणि मग जोरात रडली. तिच्या आईनं हात सोडला.

गाडीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं. हे वाक्य मी अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही माझ्याच तोंडून.

आता विचारते. हे वाक्य आपल्या घरात कुणाकडंच नव्हतं का? मला कावून धाडलंस?

नंदी


धर्मापुरी
१७ फेब्रुवारी

नंदे,

चौथीपतूर शिकलेलं बी इसरले. लई येळ लागला. कुनाकडून लिवून घ्यायचं न्हवतं.

तुही चारी पत्रं आली. पेटीत हायेत. रोज काढते.

तू लिवलंस त्यात एक न्हाई. तुला याद न्हाई मनून न्हाई. तू मला इचारलंस. बजू रडायलता. तू मनलीस, आय, याला दाना देऊ का. म्या मनलं, दे अन् गप कर त्याला. मागं वळून बगितलं न्हाई. पोहे करपत व्हते.

मंग समदे मनले पोरीनं दिला. म्या गप बसले. तुही आजी तुला काय काय बोलली, तवा बी गप. तुह्या आबाचं भ्या वाटलं. घरातून काढतेल मनून. तू उंबऱ्यात टोपडं घिऊन बसायचीस. माज्याकडं बगायचीस. तू सांगशील मला वाटायचं, आयनं दे मनलं. तू सांगितलंच न्हाई.

आजी तुला जगू देत न्हवती मनून छबीकडं धाडलं. ह्ये खरं हाय. पर आर्धंच. तुह्या तोंडाकडं बगितलं की मला माही लबाडी दिसायची, ह्ये बी खरं.

आजी गेली. आबा गेले. आता भ्यावं असं कोनी न्हाई. तरी बोलता आलं न्हाई. गप बसायची सवं लागती.

तू त्या पोरीला मनलीस ते मला तुला मनायचं व्हतं. तुही चूक न्हाई. माही हाय.

भाकरी तुला आठव्या महिन्यात दिली. दुधात कुस्करून. लई खायचीस. हात चाटायचीस माहा.

तुही आय,
वत्सला


१४ मार्च

आई,

तुझं पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

मी आठवून बघितलं. दुपारी डोळे मिटून, त्या अंगणात परत जाऊन, पुन्हा पुन्हा. ऊन येतं, वास येतो, तुझी पाठ येते. तुझं "दे" ऐकू येत नाही. मी विचारलेलंही ऐकू येत नाही. तू म्हणतेस म्हणून आहे. कधी वाटतं, मला हलकं वाटावं म्हणून तू हे रचलंस. मग ते करपणारे पोहे आठवतात आणि वाटतं, हे कुणी रचत नाही.

मला फार राग आला, आई. अजून आहे. बजू गेला त्याचा नाही. तसं कुणाच्याही हातून होतं. माझ्या डोळ्यांसमोर, चार हातांवर, सगळं ठाऊक असताना माझ्याही घरात झालं. राग त्यानंतरचा आहे. गेवराईला मी वर्षभर शाळेतून येताना स्टँडवर थांबायचे. परळीची गाडी येईपर्यंत. एकदा एक बाई उतरली, तुझ्यासारखं लुगडं होतं, मी तिच्यामागं बाजारापर्यंत गेले. तेव्हा तुला एक वाक्य येत होतं आणि तू ते पेटीत ठेवलंस.

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. मला वाटलं, त्या तुला नावं ठेवतील आणि मला बरं वाटेल. त्यांनी पत्र परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "लई उशीर केला बाईनं. पर कुनी इचारलं न्हवतं तरी आपल्या अंगावर घेतलं. मी घेतलं असतं का, मला न्हाई सांगता येत." सोमनाथ म्हणाले, "काय करायचं ते तू ठरव. मी तुला इकडं-तिकडं ढकलणार न्हाई."

मी हे ठरवलं आहे. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून ते खरं नाही, आणि आपल्या घरात खोटं बोलून झालंय तेवढं पुरे. पण पाडव्याला ये. सानू आता धरून उभी राहते. तिला बघून जा.

केजहून वडगावची जीप मिळते. जावई स्टँडवर येतील. त्यांना ओळखणं सोपं आहे, कानापर्यंत काळवंडलेले आहेत.

नंदी


४ एप्रिल

आई,

तू नीट पोचलीस, मावशीचा फोन आला. तीन दिवसांत आपण फार बोललो नाही. म्हणून लिहितेय. समोर असताना तुझ्याशी कसं बोलतात ते मला येत नाही, शिकेन.

पहिल्या दिवशी तू सानूला घेतलं नाहीस ते माझ्या लक्षात आलं होतं. तिच्यासाठी आणलेला फ्रॉक, दोन वर्षांच्या पोरीच्या मापाचा, तू पाटावर ठेवलास आणि लांब बसलीस. सासूबाई तिला तुझ्या मांडीवर द्यायला आल्या तर "असू द्या, असू द्या" म्हणत भिंतीकडं सरकलीस. मला वाईट वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, ते आता सांगते: भिणारी मी एकटीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट वाढलं. मऊ खिचडी, रताळ्याच्या फोडी. तुझ्यासमोर ठेवलं आणि सानूलाही ठेवलं. म्हटलं, "आई, मी गिरणीत जाऊन येते. हिला खाऊ घाल." तू म्हणालीस, "मला न्हाई जमायचं, नंदे. तू थांब." मी म्हटलं, "सरळ बसव. एकेक फोड दे. बोटांनी दाबून बघ आधी. नजर काढू नको." आणि डबा घेऊन निघाले.

जिनतताईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्या सासूबाईंसोबत पडवीत बसल्या होत्या. हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. रागावू नकोस. धाडस करायचं तर तेवढी सोय मी ठेवणारच.

गिरणीत गर्दी होती. पिठाची धूळ उन्हात तरंगत होती आणि मी तिच्यात उभी होते, पापण्या पांढऱ्या झालेल्या, काही ऐकू येत नव्हतं. मनात आलं, आता तिकडं काय चाललं असेल. आणि मग मनात काहीच आलं नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. गिरणीवाले चाचा दोनदा म्हणाले, "ताई, पीठ झालं." इतकं रिकामं, इतकं हलकं मी कधी उभी राहिलेली आठवत नाही.

परत आले तर दारातूनच सानूचं गाणं ऐकू आलं. तू तिच्यासमोर मांडी घालून बसली होतीस, पाठ ताठ, डोळे तिच्या तोंडावर. एक फोड बोटांत धरून दाबून बघितलीस, परत दाबलीस, मग दिलीस. तुझ्या कोपरापर्यंत खिचडी होती. मी उभी आहे हे तुला कळलं, तरी तू वळली नाहीस. म्हणालीस, "थांब, खायलीय ती."

मी उंबऱ्यात बसले. तुम्ही दोघी जेवून होईपर्यंत.

ताट रिकामं झाल्यावर तिनं तुझा हात धरला आणि एकेक बोट चाटलं. तू तेव्हा रडलीस. सासूबाई पडवीतून ओरडल्या, "अवो, हसवू नका अन् रडवू नका, घास तोंडात हाय का बघा आधी!" आणि जिनतताई हसल्या, आणि मग तूही. मी तुला हसताना बघितलं. तुझा समोरचा एक दात पडलाय. कधी पडला, मला माहीत नाही.

स्टँडवर तुला खूप काही म्हणायचं होतं, जीप भरली तरी तू माझा दंड सोडत नव्हतीस. मलाही म्हणायचं होतं. राहिलं. राहू दे.

दहाला सानू वर्षाची होते. जेवण साधंच आहे, वडगावातलीच माणसं. तू आठला निघ. आणि या वेळी एका पिशवीवर येऊ नकोस, दोन लुगडी जास्तीची आण. महिनाभर तरी सोडणार नाही.

नंदी